जिंदगीभर पुरेल एवढी जागा

प्रिय सानिका आणि ओजस,

येत्या रविवारी तुमची आई परत निघेल. तिच्या हातातल्या बॅगेत, दोन स्वेटरांच्या मध्ये, आबांची काळी हार्ड डिस्क असेल. आकाराने ती पोस्टकार्डापेक्षा लहान आहे, पण आपल्या घरातलं जे काही कागदावर किंवा फोटोत कधी होतं, ते जवळजवळ सगळं तिच्यात आहे. सानिका, परवा फोनवर तू म्हणालीस, "आजी, एकेक गोष्ट पाच-पाच वेळा असेल त्यात. तू जरा निवडून दे ना, तुझं तर कामच होतं ते." खरं आहे. तेहतीस वर्षं मी वर्ध्याच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात निवडण्याचंच काम केलं. पण या वेळी मी एकही फाईल काढलेली नाही, आणि तुम्हीही काढू नये अशी माझी इच्छा आहे. का, ते सांगायला हे लिहिते आहे. डिस्क तुमच्या हाती पडण्याआधी ते तुम्हाला कळायला हवं, म्हणून आत्ताच लिहिते.

तुमच्या आबांना जाऊन आज बावीस दिवस झाले. जे सांगायचं आहे ते खरं तर त्यांना सांगायचं राहिलं, म्हणून पत्र त्यांच्याच नावानं आहे. तुम्ही जवळ बसून ऐका.

अहो,

तुमच्या खुर्चीवर बसले आहे. उशी तुम्ही ठेवली होती तशीच, डाव्या बाजूला दबलेली. नीता म्हणाली, "आई, ती खुर्ची आता आत ठेवू या का?" मी म्हटलं, राहू दे, मला बसायला लागते. गेल्या पंचवीस वर्षांत मी या खुर्चीवर किती वेळा बसले, ते बोटांवर मोजता येईल. कारण तुम्हाला माहीत होतं, हे मला आता कळलं आहे.

पहिला कॉम्प्युटर आला तो दिवस आठवतो. वर्ध्याजवळच्या पिपरी मेघे गावातल्या या घराचा गिलावा अजून पुरता वाळला नव्हता. स्टेशनजवळच्या दुकानातला राजूभाऊ ऑटोत खोकी घेऊन आला. सगळ्या वायरी जोडून झाल्यावर त्यानं चार बोटं वर केली आणि म्हणाला, "चार जीबी हाये साहेब. जिंदगीभर भरनार नाई. लिहून देऊ काय?"

"दे," तुम्ही म्हणालात, अगदी गंभीरपणे.

त्यानं खरंच खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून दिलं, खाली सही केली, आणि मी दिलेला चहा बशीत ओतून पिऊन गेला. चौदा महिन्यांत डिस्क भरली.

भरणारच होती. तुम्ही स्कॅनर घेतला होता आणि घरातला प्रत्येक कागद त्याच्या काचेवर पालथा घालत होतात. सातबारा, लग्नपत्रिका, नीताची प्रगतिपुस्तकं, केळझरच्या शेताचा हातानं काढलेला नकाशा, कोणाकोणाची आंतर्देशीय पत्रं. तीन वेळा धोब्याच्या हिशेबाची चिठ्ठी मला त्यात सापडली. मी म्हणत असे, ठेवायचं म्हणजे आधी निवडायला हवं. ग्रंथालयात नवं पुस्तक आलं की कुठलं तरी जुनं निघतं, नाहीतर वाचणाऱ्याला हवं ते कधी सापडायचंच नाही. तुम्ही म्हणायचात, "काऊन वं? तुही जागा खाऊन राह्यलं काय ते?"

"जागा संपली की कळेल तुम्हाला."

"संपली की दुसरी घेऊ मॅडम. त्यात काय?"

मॅडम म्हणालात की वाद संपला असं तुम्ही धरून चालत असा. एकदा मात्र मी चिडून विचारलं होतं, की माणूस काहीच कसं टाकू शकत नाही. तेव्हा तुम्ही मॉनिटरकडे पाहत, माझ्याकडे न पाहता, म्हणाला होतात, "पस्तीस वर्षं लोकाईच्या कापसाले मी कवडी म्हनत आलो. आता घरी तरी कोन्या गोष्टीले कवडी म्हनाचं नाई मले."

मुलांनो, तुमचे आबा कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गाडीतून चिमूटभर कापूस काढायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, धाग्याची लांबी डोळ्यांनी मोजायची आणि प्रत सांगायची. डागी, किडका कापूस म्हणजे कवडी. तो शब्द त्यांच्या तोंडून निघाला की समोरच्या माणसाचा चेहरा कसा होतो, ते पाहणं हे त्यांचं काम होतं.

अहो, तुमचं ते ऐकून मी उठून भाजी चिरायला गेले. तो वाद तिथेच राहिला.

पण पद्धत मी माझीच ठेवली. कॉलेजात पुस्तक बाद करताना एका वहीत नोंद करावी लागे: क्रमांक, दिनांक, नाव, कारण आणि शेवटी मंजुरीचा रकाना, ज्यात प्राचार्य सही करत. प्राचार्यांच्या सहीशिवाय फाटकं पुस्तकसुद्धा काढता येत नसे. मी घरीही तशीच एक दोनशे पानी वही केली. कॉम्प्युटरमधून काही काढलं की तिच्यात लिहायचं. तुम्ही आधी हसलात, मग हिरव्या शाईचं पेन आणलंत आणि म्हणालात, "या घरचा प्राचार्य मी. सही घेतल्याबिगर काई पुसाचं नाई." आठवड्यातून एकदा मी वही पुढे करत असे आणि तुम्ही एखाद्या जुन्या वीजबिलापुढे अशी सही करत असा की जणू कोणाला निलंबित करता आहात. त्या वहीतल्या पहिल्या चाळीस नोंदींवर तुमच्या सह्या आहेत.

एक्केचाळिसावी सांगायची आहे.

तुमची माय, माझ्या सासूबाई, केळझरला असताना तुम्ही एकदा टेपरेकॉर्डर घेऊन गेला होतात. मीही होते. त्या अंगणात बाजेवर बसल्या होत्या, आणि तुम्ही यंत्र त्यांच्यापुढे पाटावर ठेवलंत.

"हे काय लावून राह्यला तू माह्या तोंडापुढं?"

"बोल नं माय. राहील आवाज तुहा."

"राहून काय करनार हाये तो? तूच बोल. तुलेच लय येते."

मग त्या तोंड फिरवून बसल्या. दहा-बारा मिनिटं कॅसेट नुसतीच फिरत राहिली. कोंबड्या, शेजारच्या विहिरीवरचा पंप, मधेच त्यांचा खोकला. तुम्ही गळ टाकल्यासारखं हळूच विचारलंत, "माय, आपल्याकडं बैल किती झाले वं आतापावेतो?" आणि त्या वळल्या. लग्न होऊन घरात आल्यापासून शेवटची जोडी विकेपर्यंत चौदा बैल, एकामागून एक, प्रत्येकाचं नाव, रंग, खोड, कोण कोणाशी जुळला नाही, कोण कशानं मेला. पाऊण तास. मी आत सुपात तूर निवडत होते आणि हसू दाबत होते, कारण त्यातल्या एका बैलानं त्यांचं लग्नातलं लुगडं खाल्लं होतं आणि इतक्या वर्षांनी त्या अजून त्याला शिव्या देत होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. कॅसेटला बुरशी धरली होती. तुम्ही टेपरेकॉर्डर वायरीनं कॉम्प्युटरला जोडून ती एकदा पूर्ण वाजवलीत, आणि परत गुंडाळताना ती तुटून तिचा चुरा झाला. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा तुम्ही दारातच म्हणालात, "माय आली कॉम्प्युटरमंधी." कॉलेजात पुस्तकांची वार्षिक मोजणी चालू होती, माझं डोकं आकड्यांत होतं. मी "हं" म्हटलं. एवढंच. फाईलला नाव द्यायचं तुम्ही विसरलात आणि कशी ठेवली ते विचारायचं मी विसरले.

मग हंगाम लागला आणि तुमची नेमणूक हिंगणघाटला झाली. त्याच आठवड्यात तिकडे दूर, नीताकडे, सानिका झाली. नवव्या दिवशी नीतानं ईमेल पाठवला, सोबत तिचे अकरा फोटो. मी एकटीच घरी होते. उघडायला गेले तर पडद्यावर आलं, जागा नाही. सानिका, तुला वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. तू तेव्हा नऊ दिवसांची होतीस. फोटोंना फार जागा लागत नव्हती. धोब्याच्या चिठ्ठ्या काढल्या असत्या तरी तू मावली असतीस. पण मला वाटलं, रोज रोज किरकोळ काय काढायचं, सगळ्यात मोठी निरुपयोगी फाईल पाहू. सगळ्यात मोठी एक आवाजाची फाईल होती, डिस्कच्या जवळजवळ दहाव्या हिश्श्याएवढी. नाव नव्हतं. मी ती लावली. दोन मिनिटं ऐकली. कोंबड्या, पंपाची घरघर, एक खोकला.

अहो, मी तो खोकला ओळखला नाही.

ग्रंथालयात पुस्तक बाद करताना आम्ही पहिली दोन पानं पाहत असू, मधलं एक आणि शेवटचं. त्या दिवशी मी मधलं पान पाहिलं नाही. फाईल काढली. कचऱ्याची टोपली म्हणून पडद्यावर असते, तीही लगेच रिकामी केली, कारण टोपली भरलेली मला पाहवत नाही. मग वहीत लिहिलं: क्र. ४१. नाव नाही. रिकामी, नुसती घरघर. मंजुरीचा रकाना तुमच्यासाठी सोडला. आणि सानिकाचे फोटो उतरवून घेतले. एकात तिची मूठ गालाला लागलेली आहे. मी तो इतका वेळ पाहिला की दूध उतू गेलं.

तुम्ही तिसऱ्या दिवशी आलात. बूटसुद्धा न काढता फोटो पाहिलेत, रडलात, मग मलाच म्हणालात, "रडतं काऊन, पोट्टी झाली नं." चहा झाला. तुम्ही परत खुर्चीवर बसलात, आणि थोड्या वेळानं तुमच्या माऊसचा आवाज थांबला.

"इथं मायची फाईल होती."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

"तू काई पुसलं काय वं?"

त्या क्षणी मला कळलं, की तो खोकला कोणाचा होता. आणि मी म्हणाले, "नाही. डिस्क खराब झाली असेल."

आयुष्यात मी फार खोटं बोलले नाही. बोलायची गरजही पडली नाही. ते एक वाक्य मात्र माझ्या तोंडून इतकं सहज निघालं, की माझाच माझ्यावर विश्वास बसेना. तुम्ही "हो काय" म्हणालात. दुसऱ्या दिवशी तुम्ही कॉम्प्युटर ऑटोत घालून राजूभाऊकडे जाऊन आलात आणि एवढंच म्हणालात, "नाई निंघत म्हनते." तुम्ही दुकानात होतात तेव्हा मी वहीतलं ते पान फाडलं, चुरगळलं आणि टेबलाखालच्या टोपलीत टाकलं. सकाळी टोपली रिकामी होती. ती रोज मीच रिकामी करत असे; मला वाटलं, मीच केली असेल.

वही मी त्यानंतर बंद केली. कॉम्प्युटरमधलं काहीही पुन्हा काढलं नाही. तुम्ही कधी विचारलं नाहीत, की वही कुठे गेली. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

पुढच्या दिवाळीला चाळीस जीबीची डिस्क आली. "दहापट साहेब," राजूभाऊ म्हणाला. "आता नाई भरत जिंदगीभर." तुम्ही त्याला जुन्या डिस्कवरचं सगळं, जसंच्या तसं, नव्या डिस्कवर 'जुनं' नावाच्या फोल्डरमध्ये टाकायला सांगितलंत. ती भरल्यावर एकशे साठ आली. तिच्यात पुन्हा एक 'जुनं', त्याच्या आत आधीचं 'जुनं'. मग पाचशे. मग एक टीबी. तेव्हा राजूभाऊचे केस पिकले होते आणि दुकानात त्याची मुलगी बसू लागली होती. शेवटी ही चार टीबीची काळी डब्बी, पहिल्या डिस्कच्या हजारपट. लग्नात मिळालेले स्टीलचे डबे मी एकात एक घालून माळ्यावर ठेवले आहेत, तसं तुमचं सगळं आयुष्य या डब्बीत बसलं आहे. प्रत्येक वेळी मी म्हणायची, "एवढी जागा कशाला? जागा वाढली की पसारा वाढतो." तुम्ही म्हणायचात, "पसारा नाई वं. मानसं हायेत ते." आणि प्रत्येक वेळी राजूभाऊ दारातून जाताना तेच बोलायचा. चार टीबीच्या वेळी त्यानं नुसती बोटं वर केली, आणि तुम्ही दोघं इतके हसलात की तुम्हाला ठसका लागला.

या वेळी त्याचं खरं झालं. डिस्क अर्धीही भरली नाही आणि तुम्ही गेलात.

प्रत्येक नव्या डिस्कच्या वेळी मी ठरवत असे, आज सांगायचं. चाळीसच्या वेळी फार लवकर वाटलं. एकशे साठच्या वेळी नीता आणि मुलं आली होती. पाचशेच्या वेळी वाटलं, आता सांगितलं तर इतकी वर्षं का नाही सांगितलं, हेही सांगावं लागेल. त्यानंतर गोष्ट जुनी झाली, असं मी मनाला पटवलं. खरं म्हणजे ती कधी जुनी झाली नाही. जेवताना तुम्ही मधेच ताटावरून उठून, "एक मिनिट" म्हणून, कॉम्प्युटरकडे जात असा, डाव्या हातानं काहीतरी टाईप करून परत येत असा, तेव्हा दर वेळी मला वाटे, की आता ती फाईल आठवली. मी म्हणे, "वरण थंड होतं आहे." तुम्ही म्हणत असा, "आलं होतं डोक्यात, निंघून गेलं असतं."

काय आलं होतं, ते मी कधी विचारलं नाही.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात एका दुपारी तुम्ही शुद्धीवर, शांत होतात. नर्स ताप मोजून गेली होती, शेजारची खाट रिकामी होती. मी खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाले, "अहो, ती आईंची फाईल..."

तुम्ही डोळे उघडलेत. म्हणालात, "बांड्याच्या मांगून कोन आला होता वं?"

मला वाटलं, तुम्ही भ्रमात आहात. मी पांघरूण सारखं केलं आणि म्हणाले, "आता कुठले बैल? आराम करा."

तुम्ही मान हलवलीत आणि डोळे मिटलेत. त्यानंतर आपलं बोलणं झालं ते पाणी, गोळी आणि नीताच्या विमानाबद्दल.

तेरावं झाल्यावर पाहुणे गेले. दुपारी घर शांत झालं तेव्हा मी या खुर्चीवर बसून डब्बी लावली. सानिकाला निवडून द्यायचं म्हणून वही-पेनही जवळ घेतलं होतं. सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये एक छोटी फाईल होती, तिचं नाव 'बैल'. उघडली. एक ते चौदा आकडे, एकाखाली एक. अकरा आकड्यांपुढे नावं, तीन जागा कोऱ्या. नावापुढे एकेक ओळ. "६. बांड्या. शेपटी तुटकी. फक्त मायचं ऐके." त्याखाली "७." आणि पुढे काही नाही.

मग मी 'जुनं' उघडलं. तिथेही तीच फाईल होती, एक टीबीच्या काळातली. दहा नावं. त्याच्या आतल्या 'जुनं'मध्ये, पाचशेच्या काळातली, आठ. त्याच्या आत सात. चाळीस जीबीवाल्यात पाच. मी जसजशी आत जात होते तसतशी नावं कमी होत होती, आणि कोऱ्या जागा वाढत होत्या. तेव्हा मला कळलं, तुम्ही ताटावरून उठून काय टाईप करत होतात. पोळ्याला दर वर्षी केळझरला जाऊन म्हाताऱ्या माणसांजवळ तासन् तास का बसत होतात. माझ्यामुळे पाऊण तासाचं गेलं होतं, ते तुम्ही पंचवीस वर्षं एकेक शब्द करून परत आणत होतात, आणि दर वेळी आणखी मोठी जागा घेत होतात, की आलं तर ठेवायला कुठे कमी पडू नये.

सगळ्यात आतला डबा चार जीबीचा. त्यात बैलांची फाईल नव्हती. धोब्याच्या तिन्ही चिठ्ठ्या होत्या. सानिकाचे अकरा फोटो होते. आणि त्यांच्याच खाली एक स्कॅन केलेलं पान होतं.

पानावर घड्या होत्या. कोणीतरी चुरगळलेला कागद हातानं सपाट करून काचेवर ठेवला की येतात तशा, वेड्यावाकड्या, काळ्या. वर माझं अक्षर. क्र. ४१. नाव नाही. रिकामी, नुसती घरघर. आणि शेवटच्या रकान्यात हिरव्या शाईत तुमची पूर्ण सही, त्याखाली एकच शब्द: मंजूर.

नीता चहा घेऊन आली आणि तिनं विचारलं, "आई, काय सापडलं?" मी म्हटलं, "माझी वही."

अहो, मला तुमचा रागही आला, हे लिहून ठेवते. तुम्ही पंचवीस वर्षं मला खोटं बोलू दिलंत. राजूभाऊनं तुम्हाला दुकानातच सांगितलं असेल, की डिस्क चांगली आहे. तुम्ही घरी येऊन, टोपलीतून पान काढून, सही करून, ते मला दाखवू शकला असता. मी रडले असते, तुम्ही चार दिवस बोलला नसता, आणि मग आपण दोघांनी मिळून ती नावं आठवली असती. मीही तिथे होते, अहो. तूर निवडत होते. मलाही थोडं येत होतं. सही तुम्ही रागानं केलीत, थट्टेनं केलीत, की खरंच मंजूर केलंत, ते मला कळलेलं नाही. कळायचा मार्ग आता नाही. पण इतकी वर्षं माझ्याशी बोलताना तुमच्या आवाजात कधी काही आलं नाही, हे मी आठवून आठवून पाहते आहे, आणि त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. ग्रेडर माणसानं घरी मला कधी कवडी म्हटलं नाही.

आता जे सांगायचं होतं ते. ती फाईल मी पुसली. डिस्क खराब झाली नव्हती. मी दोन मिनिटं ऐकलं आणि आईंचा खोकला मला ओळखता आला नाही. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी दारात उभी राहून खोटं बोलले, कारण तुमचा चेहरा पाहण्याची मला भीती वाटली.

आणखी एक. दवाखान्यात तुम्ही भ्रमात नव्हतात. बांड्यानंतर कोण, ते मला येत होतं. मी नुसतं ऐकून घेतलं असतं तर सांगितलं असतं. बांड्याच्या मागून जो आला त्यानंच आईंचं लुगडं खाल्लं होतं. अंगणात त्या म्हणाल्या होत्या, "मेल्यानं लग्नाचं लुगडं खाल्लं. मंग आम्ही त्याचं नावच नवरदेव ठेवलं." म्हणूनच मी आत हसत होते.

काल सकाळी मी तुमच्या फाईलमध्ये सातव्या आकड्यापुढे ते टाईप केलं. माझ्या हातानं या कॉम्प्युटरमध्ये इतक्या वर्षांनी काही झालं असेल, तर ते एवढंच. "७. नवरदेव. लुगडं खाल्लं."

आईंचा आवाज उरलेला नाही. चौदा बैलांपैकी बारांची नावं उरली आहेत. बारावी आणि तेरावी जागा कोऱ्या आहेत आणि त्या भरणारं आता माझ्या माहितीत कोणी नाही. माझं चुरगळलेलं पान आहे. त्यावर तुमची हिरवी सही आहे.